आजीच्या माहेरची माणसं : भुसावळ ते भायखळा, पाच दिवस

आजी गेल्यावर तिचा पत्र्याचा बिस्किटांचा डबा आईकडे आला. त्यात होतं तिच्या बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र, रेल्वे इन्स्टिट्यूटमधल्या नाचाच्या कार्यक्रमाचा एक फोटो, तिच्या वडिलांचं गार्डाच्या गणवेशावरचं पितळी बटण आणि पाककृतींची वही. पंचवीस वर्षं आईने तो डबा माळ्यावर जपला. या श्रावणात तो खाली काढला आणि म्हणाली, "मला बहात्तर झाली. आता जाऊन येऊ या."

माझी आजी अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपीय आणि भारतीय अशा मिश्र वंशाच्या समाजातली. जन्म १९२६, भुसावळ. १९४९ साली तिने रेल्वेच्या तारऑफिसातल्या एका रत्नागिरीकर मुलाशी लग्न केलं, म्हणजे माझ्या आजोबांशी. दोन्ही घरांनी बराच काळ बोलणं टाकलं. तिचे भाऊ आधी इंग्लंडला आणि तिथून ऑस्ट्रेलियात पर्थला गेले. आजी इथेच राहिली, नऊवारी नाही पण पाचवारी नेसली, गणपतीत मोदक करायला शिकली. आमच्या वाड्यात तिला शेवटपर्यंत सगळे 'मडमबाई' म्हणत. तिचं माहेरचं आडनाव इथे लिहीत नाही, पर्थच्या घरच्यांनी तशी विनंती केली आहे.

निघण्याआधी आम्ही वही वाचून काढली. बॉल करी, पिवळा भात, पेपर वॉटर म्हणजे मिऱ्याचं सार, नाताळची कुलकुलं. मध्येच एका पानावर रोमन लिपीत 'शिंगोली' असं शीर्षक. पीठ हुलग्याचं, लसूण-जिरं वाटून, हातावर वळून वेटोळं करायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं. म्हणजे आपली शेंगोळी. आईला वाटायचं, आजी हे सासरी शिकली. पण आजोबांच्या रत्नागिरीच्या घरात कुळथाची पिठी व्हायची, शेंगोळी नाही. तिथे हुलगे हा शब्दही कुणी वापरत नसे. आईला आठवत होतं, तिची आजी, म्हणजे आजोबांची आई, यावरून कुरकुरायची : "हुलगे काय म्हणतेस, कुळीथ म्हण." आणि पानाच्या खाली आजीच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : डॅडच्या ग्रॅनीची.

डॅडची ग्रॅनी कोण, हे आम्हाला माहीत नव्हतं. पर्थच्या मामाकडे, म्हणजे आईच्या मामेभावाकडे, वंशवृक्षाचा मोठा कागद आहे. त्याच्या टोकाला मुंबई तोफखान्याचा एक आयरिश गोलंदाज आहे आणि त्याच्या शेजारची जागा कोरी आहे.

दिवस पहिला : भुसावळ

पुण्याहून रात्रीची गाडी. सकाळी उतरलो तेव्हा पाऊस नव्हता, पण हवा दमट आणि जड होती. स्टेशनातून बाहेर पडलं की रेल्वेचं गाव आहे हे लगेच कळतं. सरळ रस्ते, जुने निंब, दगडी जोत्यावरची कौलारू क्वार्टरं. इथून एक फाटा नागपूरकडे जातो आणि एक इटारसीमार्गे जबलपूरकडे. मार्च १८७० मध्ये जबलपूरला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे आणि ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास सलग झाला. त्या रुळांबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबं स्टेशनास्टेशनांत पसरली. घटना समितीत आणि नंतर लोकसभेत या समाजाची बाजू मांडणारे फ्रँक अँथनीही या मार्गावरच्या जबलपूरचेच, १९०८ सालचे.

१५ बंगला भागाजवळ राहणाऱ्या एका आंटींचा पत्ता आम्हाला पर्थहून मिळाला होता. वय अठ्ठ्याऐंशी. दाराशीच त्यांनी आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "चाइल्ड, तू हुबेहूब तिच्यासारखी हसतेस." आईला चाइल्ड म्हणणारं कुणी आता उरलं नसेल, असं मला त्या क्षणी वाटलं.

त्यांचं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं रेल्वेची हिंदी, आणि मोलकरणीशी अस्सल खानदेशी. जेवायला बॉल करी आणि नारळाच्या दुधातला पिवळा भात केला होता. खिम्याचे गोळे, त्यांत आलं-पुदिना, रस्सा दाट आणि तिखट, सोबत कांदा, मिरची आणि व्हिनेगरची लालभडक डेव्हिल चटणी. आई पहिला घास घेऊन थांबली. तिच्या लहानपणी घरी मटण शिजायचं नाही, कारण सासरी चालत नसे. आजी हीच करी बटाट्याच्या गोळ्यांची करायची. मसाला तोच होता.

जेवल्यावर आंटींनी सांगितलेली एक गोष्ट आम्हाला दोघींना नवी होती. आपल्या राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदात अँग्लो-इंडियन कोण याची व्याख्या आहे. ज्याचे वडील, किंवा वडिलांकडून वर मोजत जाताना कुणीही पुरुष पूर्वज, युरोपीय वंशाचा आहे, तो. आई कुठली हे बघितलंच जात नाही. ही व्याख्या मुळात १९३५च्या कायद्यातली. "म्हणजे तुझी मम्मी आमची," आंटी म्हणाल्या, "पण तू, चाइल्ड, कायद्याने नाहीस." लोकसभेतल्या नामनियुक्त दोन जागा जानेवारी २०२०पासून संपल्या, त्याचं दुःख त्यांना फार होतं. पण आईला ही व्याख्याच लागली. परत येताना ती रिक्षात एवढंच म्हणाली, "म्हणजे तो कोरा रकाना आजच्या कायद्यातही आहे."

दुपारी आजीच्या वडिलांच्या नोकरीचे कागद मिळतात का म्हणून एका कार्यालयात गेलो. तीन खिडक्या फिरून कळलं की इतक्या जुन्या गार्डांच्या फायली ठेवलेल्याच नाहीत. जाणाऱ्यांनी यात दिवस घालवू नये. जीआयपीसारख्या कंपन्यांच्या नोकरदारांच्या याद्या लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत, आणि वरच्या हुद्द्यावरची नावं थॅकरच्या जुन्या डिरेक्टऱ्यांमध्ये सापडतात. तिथून सुरुवात केलेली बरी.

रात्री शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या, हे मुद्दाम लिहून ठेवते.

दिवस दुसरा : भुसावळ

ख्रिस्ती दफनभूमीला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे ते गावाला गेले होते. आम्ही तासभर फाटकाशी उभ्या, पाऊस सुरू झाला. समोरच्या झोपडीतली एक बाई गोणपाट डोक्यावर घेऊन आली आणि आईला म्हणाली, "कोन शोधता माय?" आईने सांगितलं, आजोबा. तिने मागच्या बाजूने आत नेलं, हातात विळा घेतला आणि आमच्या पुढे गवत कापत चालली. कमरेइतकं गवत. त्यात लोखंडी क्रॉस, फुटलेले संगमरवरी देवदूत, लहान मुलांच्या कबरी तर इतक्या की मी मोजणं सोडून दिलं. खानदेशातला उन्हाळा, देवी, पटकी, प्लेग. दोन वर्षं, पाच महिने, अकरा दिवस असं वय दगडावर कोरलेलं.

आजीचे वडील तिसऱ्या रांगेत सापडले. १८८८ ते १९४४, गार्ड, जीआयपी रेल्वे. दगड साधा, शहाबादी फरशीसारखा. खाली आजीचं आणि तिच्या भावांचं नाव : 'शोकाकुल मुलं'. आईने आजीचं नाव कोरलेलं पहिल्यांदाच पाहिलं. तिने ओढणीच्या टोकाने ते पुसलं. विळा घेतलेली बाई बाजूला उभी राहून म्हणाली, "बाप व्हता का?" आई म्हणाली, "आईचा बाप." ती म्हणाली, "मंग तुमचाच."

तिने पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी आम्ही तिच्या घरी केळी आणि साखर नेऊन दिली.

ज्यांना अशा जागी जायचं असेल त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जावं. गवत वाळलेलं असतं, साप कमी असतात, आणि कलत्या उन्हात पुसट अक्षरं उठून दिसतात. दगडावर खडू किंवा पीठ घासू नये, अक्षरं खराब होतात. साधं पाणी आणि मऊ कुंचला पुरतो. फोटोत आजूबाजूच्या चार कबरीही येऊ द्याव्यात, कारण रेल्वेच्या माणसांत शेजारीच पुढे सासर व्हायचं.

दिवस तिसरा : देवळाली, मग इगतपुरी

सकाळच्या गाडीत खिडकीशी बसून मी आईला सगळा जुना इतिहास सांगत गेले. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनीच मद्रासेला कळवलं होतं की सैनिकांनी इथल्या बायकांशी लग्न करावं, मूल झालं तर बाप्तिस्म्याला बक्षीस मिळेल. शंभर वर्षांनी तीच मुलं नकोशी झाली. १७९१ साली हुकूम निघाला की ज्याची आई किंवा बाप नेटिव्ह आहे त्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी किंवा आरमारी नोकरीत घ्यायचं नाही. १७९५ साली सैन्यात त्यांना ढोल, बासरी वाजवायला आणि घोड्यांना नाल ठोकायलाच ठेवलं. म्हणून कित्येक जण देशी राजांकडे गेले. पुढे दिल्लीत प्रसिद्ध झालेला जेम्स स्किनर, ज्याची आई राजपूत होती, तो आधी शिंद्यांच्या फौजेत होता. १८०३ साली इंग्रज-मराठा युद्ध पेटलं तेव्हा त्याला तिथून जावं लागलं. पुढे १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, मग तारायंत्र, जकात. ज्यांना दार बंद होतं त्यांना तिथे दार उघडलं, पण तेही एका पायरीपर्यंत. ड्रायव्हर, गार्ड, इन्स्पेक्टर. त्यावरचे साहेब विलायतेहून यायचे.

आईने मध्येच विचारलं, "आणि त्या बायकांचं काय झालं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नाशिक रोडला उतरून रिक्षाने देवळालीत बार्न्स स्कूल बाहेरून पाहिलं. आजी तिथे वसतिगृहात होती. पावसात ओल्या झालेल्या काळ्या दगडी इमारती, प्रचंड मैदान, आणि लांबवर डोंगर. आत जायचं तर आधी पत्र लिहून वेळ घ्यावी लागते, आम्ही ते केलं नव्हतं. या शाळेची मुळं भायखळ्यात आहेत. आर्चडिकन जॉर्ज बार्न्स यांनी १८१५ साली बॉम्बे एज्युकेशन सोसायटी काढली ती मुख्यतः युरोपीय सैनिकांच्या अनाथ आणि गरीब मुलांसाठी, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या आया इथल्या होत्या. १९२५ साली वसतिगृहाची शाळा भायखळ्याहून देवळालीला आली. आमच्या घराण्यात भायखळ्याचा आजोबा आणि देवळालीची नात अशी दोन्ही टोकं आहेत, असा आमचा तेव्हा नुसता अंदाज होता.

संध्याकाळी इगतपुरी. उतरलो आणि समोरचा फलाट दिसेना, इतकं धुकं. पाऊस वरून पडत नव्हता, बाजूने येत होता. फलाटावर गरम वडापाव घेतला, वाफ आणि धुकं एकच झालं. घाटाचं गाव आहे हे. १८६५ साली थळघाट सुरू झाला, चढ सदतिसास एक. अजूनही वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात. रात्रभर त्यांचा आवाज येत होता. आई झोपली नाही, मीही नाही. आजी सांगायची की तिच्या डॅडला बँकरच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. तो इथेच जन्मला आणि वाढला होता.

इथल्या जन्माची आणखी एक नोंद आम्हाला ठाऊक होती. गोलमेज परिषदेत अँग्लो-इंडियनांच्या वतीने बसलेले डोळ्यांचे डॉक्टर सर हेन्री गिडनी १८७३ साली इगतपुरीत जन्मले. लॉजच्या मालकांना सांगितलं तर ते चकित झाले. त्यांच्याकडे बाहेरून येणारी माणसं बहुतेक विपश्यनेची असतात.

दिवस चौथा : इगतपुरी

हा दिवस सविस्तर लिहिते.

रेल्वे वसाहतीजवळच्या जुन्या चर्चची देखभाल करणारे बाबा सत्तरीचे आहेत, मूळचे नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. पाळकांची परवानगी आम्ही महिनाभर आधी पत्राने घेतली होती. तरी बाबांनी आधी चहा पाजला, मग आईला विचारलं, "ताई, नाव कुणाचं बघायचंय?" आईने आजीच्या आजोबांचं नाव सांगितलं. ड्रायव्हर, जीआयपी.

रजिस्टरं लोखंडी कपाटात, कापडात बांधलेली. दमटपणाने पानं एकमेकांना चिकटलेली. बाबा प्रत्येक पान पोस्टकार्ड घालून अलगद सोडवत होते. पाटीवर लिहिलंय, फोटो काढायचे नाहीत. आम्ही पेन्सिलीने उतरवून घेतलं. शाईचं पेन रजिस्टरजवळ नेऊच नये.

आता थोडं नोंदींबद्दल, कारण हे माहीत असेल तर खूप वेळ वाचतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापांची नावं, गाव आणि बापाचा धंदा असतो. लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या बापांची नावं असतात, आईसाठी रकाना नाही. दफनाच्या नोंदीत वय, धंदा आणि बहुतेक वेळा मृत्यूचं कारण. दरवर्षी याच्या नकला इलाख्याच्या राजधानीला आणि तिथून लंडनला जायच्या, त्यामुळे इथलं रजिस्टर वाळवीने खाल्लं तरी आशा सोडू नये. मुंबई इलाख्याच्या नकला ब्रिटिश लायब्ररीत एन-३ या मालिकेत आहेत. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूची घरबसल्या फुकट शोधता येते. आम्ही तिथूनच निघालो होतो. त्यातून मिळालेल्या धाग्यावर पर्थच्या मामाने मूळ नोंदीची नक्कल मागवली होती. नगरच्या छावणीतला बाप्तिस्मा, १८५१. बाप मुंबई तोफखान्यातला गोलंदाज. आईच्या जागी नाव नाही, फक्त 'अ नेटिव्ह वुमन'.

तोच मुलगा पुढे इगतपुरीचा ड्रायव्हर झाला. त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे सापडायला वेळ लागला नाही. १८८८ सालचा आजीच्या डॅडचाही सापडला. आई खूश झाली. दुपारचे दोन वाजले होते, बाबांना भूक लागली असणार. मी वही मिटायला लागले तेव्हा बाबा म्हणाले, "जन्म बघितले. मरणं नाही बघायची?"

दफनाचं रजिस्टर जास्त खराब होतं. १८९७पासून पानं भरलेली, प्लेगची वर्षं. बाबा बोट फिरवत नावं वाचत होते, आम्ही दोघी दोन बाजूंनी वाकलेल्या. १९०१च्या पावसाळ्यातल्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. आधी त्यांनी ती मनात वाचली. मग आईकडे बघून मोठ्याने :

"मारिया. विधवा. वय सत्तर. नेटिव्ह ख्रिश्चन. ड्रायव्हर अमुक अमुक यांची आई. कारण, वार्धक्य."

आडनाव आमचं होतं.

आईने ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग स्वतः वाचली. मग बाकावर बसली. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं, तेवढाच आवाज.

म्हणजे ती होती. नगरला छावणीत मूल झालं, बाप मेला, मूल भायखळ्याच्या शाळेत गेलं असावं. आणि मोठा होऊन ड्रायव्हर झाल्यावर त्याने आईला आपल्या क्वार्टरमध्ये आणलं. ती पटकीने गेली नाही, प्लेगने गेली नाही, म्हातारी होऊन मुलाच्या घरात गेली. आजीचा डॅड तेव्हा तेरा वर्षांचा होता. तेरा वर्षं तो तिच्या हातचं जेवला.

"डॅडच्या ग्रॅनीची," आई म्हणाली.

मारिया हे बाप्तिस्म्यानंतरचं नाव. आधीचं नाव या रजिस्टरात नाही. मी बाबांना शेंगोळीचं पान सांगितलं. ते हसले नाहीत. हात पुसून म्हणाले, "आमच्याकडे नगरला हुलगेच म्हणतात. शेंगोळी पावसाळ्यात. माझी आई करायची." पुरावा म्हणून हे किती धरायचं हे मला कळतं. हुलगे पुण्यालाही म्हणतात, साताऱ्यालाही म्हणतात. आणि तोफखान्याबरोबर बायकाही गावोगाव फिरायच्या. तरी बाबांच्या तोंडून तो शब्द ऐकताना आईचे डोळे भरले आणि माझेही.

दफनभूमीत कबर सापडली नाही. त्या वर्षीच्या नेटिव्ह ख्रिश्चनांच्या कबरी कडेला, लाकडी क्रॉस लावून केलेल्या, असं बाबा म्हणाले. लाकूड इगतपुरीच्या पावसात किती टिकणार. त्यांनी ती कडेची जागा दाखवली. तिथे तेरडा फुलला होता. आम्ही थोडा वेळ तिथे भिजत उभ्या राहिलो.

संध्याकाळी बाबांच्या घरी नागलीची भाकरी आणि सुकट. निघताना आईने चर्चच्या छपरासाठी पाकीट दिलं. अशा ठिकाणी रजिस्टर बघण्याची फी कुणी मागत नाही, पण कौलं गळत असतात. आपण समजून द्यावं.

दिवस पाचवा : भायखळा

कसाऱ्याच्या घाटातून उतरताना प्रत्येक दरीत धबधबा. बोगदा, उजेड, पांढरं पाणी, पुन्हा बोगदा. एहेगावचा पूल आला तेव्हा आई खिडकीला नाक लावून बसली होती. तिचे पणजोबा याच उतारावर वाफेचं इंजिन आणत होते.

भायखळ्याला ख्राइस्ट चर्चमध्ये आधी ठरवून वेळ घेतली होती. इथे ड्रायव्हरचं लग्न झालं, १८७६. वराच्या बापाचं नाव नीट, हुद्द्यासकट : गोलंदाज, मयत. शेजारी आईसाठी काहीच नाही. इगतपुरीची ती ओळ वाचली नसती तर इथेच आमचा शोध संपला असता, आणि पर्थच्या कागदावरची जागा कोरी राहिली असती.

तिथे भेटलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही ईस्ट इंडियन का? वसईकडच्या?" हा घोटाळा बऱ्याच जणांचा होतो, म्हणून सांगते. मुंबई, ठाणे, वसईकडचे मराठी बोलणारे मूळचे कॅथलिक लोक, ज्यांनी १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, ते वेगळे. त्याआधीच्या कागदांत ईस्ट इंडियन असा शब्द आला तर तो मिश्र वंशाच्या माणसासाठी असू शकतो. इंडो-ब्रिटन आणि युरेशियन हेही तेच. उलट १९११पूर्वीच्या लिखाणात अँग्लो-इंडियन म्हटलंय ते बहुतेक इथे राहणारे गोरे इंग्रज. सूचीत एकच शब्द टाकून शोधलं तर अर्धी माणसं निसटतात.

शाळेच्या आवारात मधली सुट्टी होती. डबे उघडलेले, भाजीपोळीचा वास, कुठल्या कुठल्या धर्माची मुलं. आठ वर्षांचा एक मुलगा नगरहून इथे आला असेल तो बैलगाडीने की कसा, सोबत कोण होतं, आई फाटकापर्यंत आली होती का, हे आई मला विचारत राहिली.

संध्याकाळी डेक्कन क्वीनने परत. चीज टोस्ट खाल्ला, खंडाळ्याला पुन्हा धुकं होतं.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पर्थला फोन लावला. मामा पहिल्यांदा आयरिश गोलंदाजाबद्दल विचारू लागला. आयर्लंडमधला परगणा कळला का, जहाज कुठलं. आईने त्याला थांबवलं आणि वहीतली पेन्सिलीची ओळ वाचली. मारिया, विधवा, वय सत्तर. पलीकडे काही वेळ कुणी बोललं नाही. मग त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. त्याच्या बायकोला बोलावलं आणि तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

आईने शेंगोळीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं तेव्हा तो म्हणाला की त्याचे वडीलही थंडी पडली की हे करायचे. पर्थला तेव्हा हुलगे मिळत नसत, ते मसुराचं पीठ घ्यायचे, आणि ते नेहमी फुटायचं.

"त्यात थोडं गव्हाचं घालायला हवं होतं," आई म्हणाली, आणि फोन हातात धरूनच स्वयंपाकघरात गेली, पिठाचा डबा काढायला.